पाण्याच्या वेळेची खूण

जळालेली मोटर मी वासावरून ओळखते. व्हार्निशचा वास गोडसर असतो, गूळ करपल्यासारखा, आणि पदराला दोन दिवस धरून राहतो. त्या गुरुवारी सकाळी पावणेसातला चहा वर यायला लागला होता आणि खिडकीतून तो वास आत आला. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "आपल्या पंपाची गेली वाटतं."

हे आतल्या खोलीतून म्हणाले, "नुसती मोटर नाही. वायरपण जळतेय. पळ."

हे म्हणजे हरिश्चंद्र, माझे यजमान. साखरेने डोळे नेले त्याला आता दहा वर्षं होतील, पण नाक शाबूत आहे. भाईंदर पूर्वेला आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. पूर्वी हे कॉइल भरायचे आणि मी घरी बसून कॉइलींना दोरा बांधायची. डोळे गेल्यावर हे स्टुलावर बसून सांगायला लागले आणि मी करायला लागले. जिथे सांगून भागत नव्हतं तिथे मी दोन-तीन गिऱ्हाइकांच्या मोटरी जाळल्या आणि शिकले. भंगारवाल्याकडे आयटीआयचं एक पुस्तक मिळालं होतं, पुढची सोळा पानं फाटलेलं. त्यामुळे वीज म्हणजे काय हे मला आजही माहीत नाही. ती कशातून किती जाते, एवढंच माहीत आहे. लायसन्स नाही. बोर्डावर नाव ह्यांचंच आहे.

मी पंपरूमपाशी पोचले तोवर आग विझली होती. धाकूदादा भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात वर धरून. तळव्याला काळं प्लॅस्टिक चिकटलं होतं. स्टार्टरच्या वरचा वायरचा पाइप वितळून लोंबत होता आणि दाराबाहेर ब्लीचिंग पावडरच्या रिकाम्या गोण्या अर्ध्या जळून भिजलेल्या.

"बाय, पानी चढायचा ऱ्हायला," तो म्हणाला. "अर्धी टाकी बी न्हाय झाली."

"हात बघू."

"हात हाय जाग्यावर. टाकी बघ तू."

धाकूदादा वरसाव्याचा. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून, एकोणीस वर्षं, पंप त्याच्याकडे. पंपरूमला लागून एक खोली आहे, त्यात तो आणि त्याची बायको राहतात. गावचं घर भावाच्या नावावर झालं, तेव्हा हीच खोली त्याचं घर. पाइपातून धूर येताना त्याने पाहिला, पेटतं प्लॅस्टिक गोण्यांवर ठिबकत होतं. त्याने गोण्या हाताने ओढून बाहेर काढल्या, वरून टपटपणारं प्लॅस्टिक तळव्यावर घेतलं आणि मग सगळा पोडियम, म्हणजे बिल्डिंगपुढचा फरशीचा चौथरा, ओलांडून मीटररूमपर्यंत धावला आणि डाव्या हाताने मेन खाली पाडला.

मीटररूममधला एमसीबी, वायरमधून जास्त करंट गेला की आपोआप पडायला हवा तो मेन स्विच, आपणहून पडला नाही. धाकूदादाने तो पाडला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे कुठल्याही कागदावर ते आलं नाही.

त्याला दवाखान्यात पाठवलं आणि मी स्टार्टरचं झाकण उघडलं. आत रिलेची छोटी डायल. तिचा बाण बरोबर लाल खुणेवर.

आता ही लाल खूण सांगायला हवी.

आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं आणि साडेसातला जातं. खालची टाकी लहान. पाणी येत असतानाच ते पंपाने वर चढवत राहिलं नाही, तर खालची भरते, वॉल्व्ह बंद होतो आणि आपल्या वाट्याचं पाणी पुढच्या बिल्डिंगला जातं. म्हणून सहा वाजून एक मिनिटाने आमच्या रस्त्यावरच्या एकूण एक बिल्डिंगचा पंप सुरू होतो. सगळे एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, चढावर माणूस जास्त धापा टाकतो तसं. आमची मोटर साडेसात हॉर्सपॉवरची, तिच्या पाटीवर लिहिलंय अकरा अँपिअर. त्या दीड तासात ती तेरा-चौदा ओढायची. रिलेचं काम एवढंच की मोटर झेपेल त्याहून जास्त ओढायला लागली की तिला बंद करायचं. तो बंद करायचा. आणि नवव्या मजल्यावर लोक साबण लावून उभे.

आठ वर्षांपूर्वी आमचे सेक्रेटरी सुभाषभाऊ दुकानात आले होते. "वहिनी, काहीतरी करा हो. ही मोटर रोज सकाळी मरते."

"मरत नाही, झोपते. रिले अकराला आहे, तो बरोबरच आहे."

"बरोबर असून मी काय करू? अंघोळ करू का त्याच्यात?"

मी हसले होते. मग पंपरूममध्ये जाऊन स्क्रू-ड्रायव्हरने डायल चौदावर नेली. मोटर चालली, टाकी भरली. पण रात्रंदिवस चौदावर ठेवणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. म्हणून धाकूदादाला शिकवलं: पाणी यायच्या आधी डायल वर न्यायची, पाणी गेलं की परत खाली. त्याला आकडे वाचता येत नाहीत. मग मी अकराला व्हाइटनरचा ठिपका दिला आणि चौदाला लाल नेलपॉलिशचा. भाचीच्या लग्नासाठी आयुष्यात एकदाच घेतलेली बाटली होती, नखांना एकदा लावली आणि उरलेली इथे. सुभाषभाऊ शेजारी उभे होते. म्हणाले, "वा वहिनी, सौभाग्यवती रिले!"

पुढे ही पद्धत आमच्या रस्त्यावर पसरली. पाच-सहा बिल्डिंगांच्या वॉचमननी धाकूदादाकडून शिकून घेतली. मला थोडा अभिमानही वाटायचा, लपवत नाही.

चौदा अँपिअर म्हणजे मोटरवर रोज थोडा थोडा अत्याचार, एवढंच मी धरलं होतं. मोटर जळली तर मी भरून देईन, आपलंच दुकान आहे. वायरचा मी विचार केला नाही, कारण वायर मला माहीत होती. मीटररूमपासून पंपरूमपर्यंत साठ मीटर, चार स्क्वेअर एमएमची, मागे पंचवीस अँपिअरचा एमसीबी. मोटर सुरू होताना दोन-तीन सेकंद सहापट करंट खेचते, म्हणून एमसीबी मोटरच्या आकड्यापेक्षा मोठा ठेवावा लागतो. पण वायरला झेपेल त्याच्यावर तो कधीच जाऊ द्यायचा नसतो. मोटरला रिले सांभाळतो, वायरला एमसीबी. ज्याचा त्याचा राखणदार.

गुरुवारी मी जळक्या पाइपातून वीतभर वायर कापून घेतली. दुकानात ह्यांच्या समोर बसून साल काढलं आणि आतल्या तारा मोजल्या. आम्हा कॉइलवाल्यांना मोजायची सवयच असते.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"बावीस."

"परत मोज."

परत मोजल्या. बावीस. चार स्क्वेअरच्या वायरीत छप्पन्न असतात. बावीस म्हणजे दीड स्क्वेअर, घरातल्या पंख्या-दिव्यांची. दोन वर्षांपूर्वी पोडियमचं वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा वायरचे सगळे जुने पाइप वायरीसकट काढून नवीन टाकले होते. काम केलं सुभाषभाऊंच्या ओळखीतल्या दिपेशने. तो लायसन्सवाला. मी मीटररूममध्ये जाऊन एमसीबी पाहिला, त्रेसष्टचा. बारीक वायर टाकायची आणि तक्रार येऊ नये म्हणून मागे मोठा एमसीबी बसवायचा. म्हणजे वायर पेटली तरी त्याला पत्ता नाही.

हे ऐकून ह्यांनी हात पुढे केला, तुकडा घेतला आणि बोटांनी तारा चाचपल्या. मग म्हणाले, "आणि डायल?"

"लालवर."

"अकरावर असती तर?"

मी तुकडा परत घेतला. त्यांना माहीत होतं. अकरावर असती तर मोटर सहा-सव्वासहालाच बंद पडली असती. बावीस तारांनी अकरा सहन केले असते. दोन वर्षं रोज दीड तास चौदा सहन करून जॉइंट कुजत गेला, गुरुवारी मोटरला वीज देणाऱ्या तीन फेजांपैकी एक तुटला, मोटर उरलेल्या दोनांवर कण्हत राहिली आणि रिलेने उशीर केला, कारण त्याला आठ वर्षं उशीर करायला मी शिकवलं होतं.

शनिवारी सुभाषभाऊ दुकानात आले. बसले. चहा घेतला. ह्यांची तब्येत विचारली.

"उद्या मीटिंग आहे वहिनी. तीन दिवस टँकर चाललाय, लोक पेटलेत. काहीतरी निर्णय घ्यावा लागणार."

"कसला निर्णय?"

"धाकूने सेटिंगमध्ये छेडछाड केली. दिपेशभाईंचा तसा रिपोर्ट आहे. आता वयही झालं त्याचं. एजन्सीचा माणूस घेऊ."

"सुभाषभाऊ, वायर दीडची आहे. मी मोजलीय."

त्यांनी कप खाली ठेवला, कडेकडेने बोट फिरवलं. "बघा, तुम्ही वायरचं काढलंत, तर मला खुणेचं काढावं लागेल. नाव नाही घ्यायचं मला कोणाचं. पण लोक विचारणारच, खूण कोणी केली, तिच्याकडे लायसन्स आहे का. तीस सोसायट्यांचं काम करता तुम्ही." मग ह्यांच्याकडे वळून, "काय हरिश्चंद्रभाऊ?"

हे म्हणाले, "मला दिसत नाही हो."

"ते माहितीय."

"ऐकू येतं," हे म्हणाले.

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी स्टीलच्या डब्यात वायरचा तुकडा घेऊन गेले होते, चिवडा नेल्यासारखा. धाकूदादा मागे खांबापाशी उभा, हात बँडेजमध्ये. त्याची बायको जिन्याच्या पायरीवर. जाताना मी त्याला हळूच म्हटलं होतं, "दादा, मी सांगणार आहे सगळं." तो म्हणाला होता, "तू काय बोलू नको, बाय. मी हाय ना."

सुरुवात टँकरनेच झाली. "सासूबाईंना मी बादल्या उचलून देऊ का नवव्या मजल्यावर?" "टँकरचं पाणी खारट आहे, माझे केस बघा!" "केस सोडा, आधी मोटरचं बोला." मग दिपेशने रिपोर्ट वाचला. ओव्हरलोड सेटिंग बेकायदेशीरपणे वाढवल्याने दुर्घटना.

मी उठले. डबा उघडला आणि तुकडा वर धरला. "ही पंपाची वायर आहे. ह्याच्यात छप्पन्न तारा पाहिजेत, आहेत बावीस. मागे एमसीबी त्रेसष्टचा आहे. कोणीही येऊन मोजा."

कोणी आलं नाही. सातव्या मजल्यावरची नीलम म्हणाली, "वहिनी, ते बावीस-छप्पन्न राहू द्या हो, पाणी कधी येणार ते सांगा ना."

दिपेश हसत म्हणाला, "भाभी, आजकल कॉपर बहुत अच्छा आता है. पहले जैसा मोटा नहीं लगता."

"चांगलं कॉपरपण बावीस तारांचं बावीसच असतं दिपेशभाई. आणि त्रेसष्टचा एमसीबी कशाला लावला?"

"ट्रिपिंग का कंप्लेंट आता था. आप लोग ही बोलते थे, ट्रिप नहीं होना मंगता."

हे मात्र खरं होतं. थोडे हसले.

"बरं," सुभाषभाऊ म्हणाले, "वायरचं दिपेशभाई बघतील. पण डायलवर ही जी लाल खूण आहे," त्यांनी मोबाइलमधला फोटो वर धरला, "ही कोणी केली? एवढंच मला कळू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अगदी काळजीपूर्वक पाहिलं नाही.

मी उभीच होते. तोंड उघडलं की सांगून होणार होतं, सहा शब्दांचं काम. माझ्या डोक्यात आलं, आत्ता सांगितलं तर हे लोक वायर विसरतील, तारा कोणी मोजणार नाही, दिपेश सुटेल. हे मी स्वतःला फार भराभर समजावलं. दुकानाचा बोर्डही डोळ्यांपुढे आला, तो मी बाजूला सारला, पण आला होता.

"मी केली," खांबापासून आवाज आला.

"तू?"

"हां. माना पानी चढवायचा व्हता."

"नेलपॉलिश कुठून आणलीस धाकू?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. "बायकोची हाय."

पार्किंगभर हसू फुटलं. कोणीतरी मागून म्हणालं, "काकी, कुठला शेड?" पायरीवर बसलेल्या त्या बाईने, साठी उलटलेली, आयुष्यभर खाडीतल्या निवट्या साफ केलेली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

मी खाली बसले. डबा मांडीवर. झाकण लागेना.

संध्याकाळी मिनिट्स ग्रुपवर आले. पंप ऑपरेटरने परवानगीविना सेटिंग बदलल्याचे कबूल केल्याने त्यास सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. खोली बुधवारपर्यंत रिकामी करावी. वायरिंगबाबत दिपेशभाईंनी समाधानकारक खुलासा केला. अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली.

हे म्हणाले, "तारा सांगितल्यास?"

"हो."

"बाकीचं?"

"नाही."

"हं," ते म्हणाले आणि कूस बदलली. ह्यांना राग आला की बोलतात. हे नुसतं हं होतं.

मंगळवारी दिपेशची माणसं आली आणि एका दिवसात नवीन वायर ओढून गेली. संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यापाशी मला त्यांनी फेकलेला तुकडा मिळाला. उभ्या उभ्या दाताने साल काढलं आणि मोजलं. छप्पन्न. मीटररूममध्ये एमसीबीही पंचवीसचा. म्हणजे ऐकलं होतं सगळं, प्रत्येक आकडा ऐकला होता. फक्त कोणाला सांगायचं नव्हतं.

बुधवारी धाकूदादाचं सामान एका रिक्षात मावलं. मी दुकानात होते. मुद्दाम होते.

गुरुवारी सकाळी सहाला पाच मिनिटं असताना मी पंपरूममध्ये गेले. मोटर मीच भरून दिली होती, नवीन व्हार्निशचा वास अजून येत होता. एजन्सीचा माणूस, अभिनव नाव, शर्टावर पट्टी लावलेला, स्टार्टर उघडून उभा होता. स्क्रू-ड्रायव्हर हातात.

"मॅडम, लालवर ठेवायचंय ना? सेक्रेटरींनी तसंच सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"काल. म्हणाले, पाण्याच्या वेळेला लालवर, नंतर पांढऱ्यावर. इथे असंच चालतं म्हणाले."

मी त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. डायल अकरावर आणली. मग पर्समधून ब्लेड काढलं आणि लाल खूण खरवडली. आठ वर्षांत ती चांगली धरली होती, कपच्या उडाल्या, खाली प्लॅस्टिकवर ओरखडा राहिला. अभिनव म्हणाला, "आता मला कसं कळणार?" मी म्हटलं, "नाही कळलं तरच बरं." सहा वाजून बारा मिनिटांनी मोटर बंद पडली. मी तिथून निघाले. जिन्यात वरून आवाज यायला लागले होते, कोणाची तरी बादली आपटल्याचा, आणि माझ्या फोनवर सुभाषभाऊंचं नाव. मी उचलला.

"वहिनी, ट्रिप झाली हो!"

"झाली. व्हायलाच हवी. खालची टाकी मोठी करा आणि पंप पाणी गेल्यावर चालवा. दुसरा उपाय नाही, तेव्हाही नव्हता."

"ते नंतर बघू. आत्ता काय?"

"आत्ता तुम्ही सगळ्यांना सांगा, खूण मी केली होती आणि तुम्ही शेजारी उभे होतात. मी ग्रुपवर लिहितेच आहे."

"लिहा," ते शांतपणे म्हणाले. "मिनिट्स मंजूर झालेत."

मी लिहिलं. सगळं, नेलपॉलिशपासून. त्याखाली सतरा उत्तरं आली. सतराही पाण्याबद्दल.

दुपारी शेअर रिक्षा बदलत वरसाव्याला गेले. धाकूदादा भावाच्या पडवीत खाटेवर बसला होता. पुलावरच्या गाड्यांचा आवाज तिथे सारखा येतो, पंप चालू असल्यासारखा. मला पाहून उठायला लागला.

"पानी चढला?" हेच त्याने आधी विचारलं.

"नाही. ट्रिप झाली."

"मंग त्या नव्या मानसाला कुनी सांगितला न्हाय कं? चकरी लालवर न्यायची, मंग चालते. माना बोलवला असता तर मी दाखवून आलो असतो."

"लाल खूण काढून टाकली मी, दादा."

"काढली? कशाला?"

"चुकीची होती. पहिल्या दिवसापासून चुकीची होती. मला माहीत होतं."

 बँडेजचा हात मांडीवर होता, डाव्या हाताने तो त्याचं टोक गुंडाळत आणि सोडत होता. "आठ वरीस," तो म्हणाला, "रोज सकाली. एक दिस चुकलो न्हाय मी, बाय."

"मी ग्रुपवर लिहिलंय सगळं. सुभाषभाऊंना सांगितलंय. तुला परत..."

"माझ्याकडं तो गुरूप न्हाय," तो म्हणाला.

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी दहा वाक्यं बोलली असेल. कप तिने माझ्या हातात दिला नाही, बाजूला जमिनीवर ठेवला. मग दोन्ही हात माझ्यासमोर धरले, उलटे, नखं वर. हळदीने पिवळी, कडेला चिरलेली.

"माझ्याकडं नखांचा रंग न्हाय, बाय," ती म्हणाली. "कंदीच न्हवता. हे तू इथं येऊन सांगतंस. तिथं सांगायचा व्हता."